एचआयव्हीची औषधे कुठे मिळतात आणि कितीला पडतात

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एचआयव्हीच्या औषधोपचाराविषयी जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांवर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, आणि ज्यांवर होते त्यांनी ते छापू नये अशी विनंती केली होती. ती विनंती पाळून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे इंदूर आणि आसपासची आहेत, म्हणून व्यवस्था इथली सांगितली आहे. मोफत औषधाचा नियम मात्र देशभर एकच आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. तेव्हापासून तो खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दरमहा भोपाळहून औषध विकत आणतो, कारण इथल्या दवाबाजारात ओळखीची माणसे भेटतात. हे त्याच्या पत्नीला आणि मला एवढेच ठाऊक आहे. आईला सांगितलेले नाही. गेल्या दिवाळीपासून त्याचे दुकान नीट चालत नाही. मध्यंतरी एक महिनाभर त्याने गोळ्या एक दिवसाआड घेतल्या, हे भावजयीने मला नंतर सांगितले. एम.वाय. या इथल्या सरकारी रुग्णालयात औषध फुकट मिळते असे ऐकतो. पण फुकटचे औषध तेवढेच चांगले असते का, तिथे सगळे पहिल्यापासून करावे लागेल का, आणि बातमी फुटणार नाही ना? (एक बहीण, इंदूर)

उत्तर : ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांची, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एचआयव्हीचे औषध विषाणूला शरीरातून हुसकावून लावत नाही. ते त्याची वाढ रोखून धरते, आणि रक्तात औषधाची पातळी दिवसरात्र टिकून राहिली तरच हे साधते. पातळी घसरली की विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि अंगात अर्धेमुर्धे औषध असताना जो विषाणू वाढतो तो त्या औषधाला सरावतो. एकदा सरावला की पुढे पूर्ण मात्रा घेतली तरी ते औषध त्याच्यावर चालत नाही. त्या महिन्यात पंधरा गोळ्यांचे पैसे वाचले खरे, पण त्यापायी हाताशी असलेले सगळ्यांत सोपे औषध कायमचे गमावण्याची वेळ येऊ शकते. डोल्युटेग्रॅविर हे आजचे मुख्य औषध या बाबतीत जुन्या औषधांपेक्षा पुष्कळ खंबीर आहे, त्यामुळे तुमच्या भावाचे नुकसान झालेच असेल असे नाही. मात्र ते रक्तातील विषाणूंची मोजणी केल्यावाचून कळणार नाही. मोफत औषध देणाऱ्या सरकारी केंद्रात या तपासणीला सगळे ‘व्हायरल लोड’ म्हणतात आणि तिथे ती विनामूल्य होते. भावाने केंद्रात पहिल्याच दिवशी त्या महिन्याची हकीकत खरी खरी सांगावी. रागावतील म्हणून ती लपवली, तर डॉक्टरांना पुढचा निर्णय अंधारात घ्यावा लागेल.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो याला कारण आहे. मी इंदुरात डॉक्टर म्हणून व्यवसाय सुरू केला तेव्हा मोफत औषध नव्हते. तीन औषधे एकत्र घ्यावीत असे शास्त्र सांगत होते, आणि रुग्ण दोनच नेत, कारण तिसरे परवडत नसे. एक गृहस्थ माझ्याकडे लहान वही घेऊन येत. ज्या महिन्यात औषध आणता आले त्या महिन्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केलेली असे आणि ज्या महिन्यात जमले नाही त्यापुढे शून्य. पहिल्या पानावर शून्ये तुरळक होती. तिसऱ्या पानावर खुणा तुरळक झाल्या. पत्नीच्या पाटल्या मोडल्याचे त्यांनी मला शेवटच्या भेटीत सांगितले. त्यांच्यापर्यंत मोफत औषध पोहोचलेच नाही.

आता औषधाच्या दर्जाविषयी. फुकट म्हणजे हलके, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे आणि या औषधाच्या बाबतीत ती चुकीची आहे. या गोळ्या स्वस्त कशा झाल्या ते पाहिले म्हणजे पटेल. सन २००० च्या सुमारास पाश्चात्त्य कंपन्यांच्या तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. भारतात १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषध या वस्तूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्या तेच औषध दुसऱ्या कृतीने कायदेशीरपणे बनवू शकत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी ही तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देण्याची तयारी जाहीर केली आणि जगभरचे भाव कोसळले. आफ्रिकेतील देशांना लाखो रुग्णांसाठी औषध घेणे त्यानंतरच शक्य झाले. आज आपल्या सरकारी केंद्रात जी गोळी मिळते, ती अशाच भारतीय कंपन्यांनी बनवलेली असते. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे एकत्र असतात, दिवसातून एकच घ्यायची असते, आणि जागतिक आरोग्य संघटना पहिल्या उपचारासाठी हेच मिश्रण सुचवते. तुमचा भाऊ भोपाळहून जे विकत आणतो ते बहुधा हेच असेल. चिठ्ठीवरची नावे ताडून पाहा.

आपल्या देशात मोफत औषध देण्यास १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांतून सुरुवात झाली. त्या काळी प्रतिकारशक्ती बरीच खालावल्याशिवाय औषध सुरू करत नसत. २०१७ पासून ती अट गेली असून, तपासणीत लागण निश्चित झाली की लगेच उपचार सुरू होतो. पहिले औषध चालेनासे झाले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीची औषधेही याच व्यवस्थेत विनामूल्य मिळतात. ती बाजारात फार महाग आहेत, आणि खासगी उपचार घेणारी अनेक कुटुंबे नेमकी तिथेच कोलमडतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचा रंग, जात यांपैकी कशाचीही अट नाही. दुकान जोरात चालत असते तरी तुमच्या भावाला हे औषध मिळाले असते, हे मुद्दाम सांगतो, कारण गरिबांच्या वाटणीचे आपण घेतो आहोत अशा संकोचाने अनेक मध्यमवर्गीय माणसे केंद्राची पायरी चढत नाहीत.

पहिल्यापासून सगळे करावे लागेल का, याचे उत्तर असे की नोंदणी नव्याने होईल, उपचार मात्र पुढे चालू राहील. एम.वाय. रुग्णालयात समुपदेशन व तपासणी केंद्र आहे; तिथे रक्ताची खातरजमा होते आणि तो अहवाल घेऊन एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचे औषध देणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवायचे असते. सोबत ओळखीचा व पत्त्याचा कागद, फोटो, खासगी डॉक्टरांच्या सर्व चिठ्ठ्या आणि जुने अहवाल न्यावेत. पहिल्या भेटीत समुपदेशक बराच वेळ बोलतो, क्षयाची लक्षणे विचारतात, रक्तातील पेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या होतात, म्हणून त्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागेल असे गृहीत धरा. हाताशी आठपंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जावे, संपल्यावर नव्हे. नोंदणी झाली की एक पुस्तिका मिळते, तिला सगळीकडे ‘ग्रीन बुक’ म्हणतात, आणि तिच्यात नोंदणी क्रमांक, औषधाचे नाव व पुढची तारीख असते. सुरुवातीला एका महिन्याचे औषध मिळते आणि प्रकृती स्थिरावली की तीन महिन्यांचे एकदम मिळू शकते, म्हणजे वर्षाला चार खेपा. दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजतात. तीसपैकी दोन जरी चुकल्या तरी नियमितपणा ९५ टक्क्यांच्या खाली जातो, म्हणून ती मोजणी. तिचा अपमान वाटून घेऊ नये.

राहिला बातमी फुटण्याचा प्रश्न. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची स्थिती कोणाला सांगणे हा कायद्याचा भंग आहे, आणि रुग्णालयाने नोंदी सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. कायद्याने रांगेत ओळखीचे माणूस भेटणे टळत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्या रांगेत उभा असलेला माणूसही त्याच कामासाठी आलेला असतो, आणि माझ्या अनुभवात तिथे भेटलेल्या दोन ओळखीच्या माणसांनी बाहेर एकमेकांना सांभाळूनच घेतले आहे. फारच अडचण वाटली तर दुसऱ्या शहरातील केंद्रात नाव वर्ग करून मिळते. मात्र औषध आयुष्यभराचे आहे, आणि दर खेपेचे भाडे, बुडालेला दिवस आणि घरी सांगायची सबब हाही खर्चच आहे. सहा वर्षांत भोपाळच्या सत्तरएक खेपा झाल्या असतील. त्यांचा हिशेब भावजयीकडून एकदा मांडून घ्या.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत गोळ्या कॅल्शियमच्या किंवा च्यवनप्राशाच्या जुन्या बाटलीत ओततात, आणि आवाज होऊ नये म्हणून वर कापूस कोंबतात. मूळ बाटलीत ओल शोषणारी एक छोटी पुडी असते आणि ती गोळ्यांसाठीच असते. लेबल खरवडायचे असेल तर खुशाल खरवडावे, पण बाटली आणि पुडी बदलू नये.

प्रश्न : मी लग्नकार्यात आचारी म्हणून काम करतो. सीझनमध्ये पंधरा-वीस दिवस खांडवा, जळगाव, नाशिक असा बाहेर असतो. औषध घ्यायला इंदूरला यावे तर काम जाते आणि काम करावे तर तारीख चुकते. दोन वेळा चार-पाच दिवस गोळी बंद राहिली. एकदा सोबतच्या माणसाच्या ओळखीतल्या एकाने आपल्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. जेवणाची वेळ ठरलेली नसते, पित्ताचा त्रास आहे. हे कळले तर स्वयंपाकाला कोणी बोलावणार नाही अशी भीती वाटते. काय करावे? (एक वाचक)

उत्तर : तुमची भीती आधी घेतो. एचआयव्ही स्वयंपाकातून, हाताला हात लागून, एका ताटात जेवून, पाण्यातून किंवा घामातून पसरत नाही. भाजी चिरताना बोट कापले तर जो कोणी आचारी बोट बांधतो तसे बांधायचे. तिथे वेगळे काही करायचे नाही. तुम्ही रांधलेले जेवण कोणालाही निर्धास्तपणे जेवता येते, आणि केवळ लागण आहे म्हणून काम नाकारणे याला वर सांगितलेल्या कायद्याने मनाई आहे. तुमचा आजार कंत्राटदाराला सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

तारखेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि तो न सुटण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की रुग्ण आपली अडचण खिडकीवर बोलत नाही. सीझन सुरू होण्याआधी केंद्रात जाऊन समुपदेशकाला कामाच्या तारखा सांगा आणि अधिक दिवसांचे औषध मागा. तुमचा व्हायरल लोड आटोक्यात असेल तर तीन महिन्यांचे मिळण्यास अडचण नसावी. तरीही बाहेरगावी औषध संपले, तर ग्रीन बुक दाखवून कोणत्याही सरकारी एआरटी केंद्रातून तात्पुरते औषध घेता येते. जळगाव आणि नाशिक दोन्ही ठिकाणी केंद्रे आहेत. म्हणून ती पुस्तिका घरी कपाटात न ठेवता कपड्यांच्या पिशवीत ठेवा. निदान तिच्या पहिल्या आणि शेवटच्या भरलेल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. जवळचे केंद्र कोणते हे १०९७ या विनामूल्य क्रमांकावर विचारता येते.

दुसऱ्याच्या गोळ्या पुन्हा घेऊ नका. सर्वांचे मिश्रण सारखे नसते, आणि ज्याने दिल्या त्याच्या गोळ्या तेवढ्याच कमी पडल्या असतील.

डोल्युटेग्रॅविरची गोळी जेवणानंतरच घ्यावी असे बंधन नाही, त्यामुळे रात्री दोन वाजता जेवण झाले तरी बिघडत नाही. गोळीची वेळ जेवणाशी न बांधता, जी गोष्ट तुमच्याकडून रोज घडतेच तिच्याशी बांधा. माझ्याकडे येणारे एक हलवाई भट्टी पेटवण्यापूर्वी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी घेतात आणि वर्षानुवर्षे त्यांची गोळी चुकलेली नाही. पित्तावर तुम्ही जी पातळ किंवा चघळायची औषधे घेत असाल त्यांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असते, आणि ती डोल्युटेग्रॅविरला पोटातच अडवतात. गोळी त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. हे पित्ताचे औषध देणारा दुकानदार सांगणार नाही, कारण तुम्ही काय घेता हे त्याला ठाऊक नसते.

कधी केंद्रातच औषधाचा तुटवडा असतो आणि महिन्याऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवतात. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे अनेक राज्यांत घडले, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले. मला त्या माणसांविषयी फार आदर आहे, कारण चेहरा लपवूनच जगावे लागते अशा आजारात ते चेहरा उघडा ठेवून बसले होते. अशी वेळ आली तर मिळतील तेवढ्या गोळ्या घ्या, पुढची तारीख लिहून घ्या, आणि १०९७ वर तसेच भोपाळच्या राज्य एड्स नियंत्रण समितीकडे तक्रार नोंदवा. कायद्यात औषध पुरवण्याचे कर्तव्य सरकारवर टाकताना ‘शक्य असेल तितके’ असे शब्द घातले आहेत. ते तिथे नको होते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तक्रारी लेखी नोंदल्या गेल्या तरच त्या शब्दांआड लपणे कठीण होईल.

केंद्रात जाण्यायेण्यासाठी रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना दुसऱ्या वर्गात निम्म्या भाड्याची सवलत आहे. त्यासाठी केंद्रातून विहित नमुन्यात प्रमाणपत्र घेऊन ते तिकीट-खिडकीवर दाखवावे लागते, आणि त्यावर आजाराचे नाव असते. त्यामुळे ओळखीच्या स्टेशनवर अनेक जण पूर्ण भाडे भरणेच पसंत करतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. तपासणीत एचआयव्ही निघाला. पतीचीही तपासणी झाली आहे. औषध चालू केले. बाळंतपण, बाळाचे औषध, तपासण्या मिळून किती खर्च येईल? सासूबाईंना वाटते की लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आता बंद कराव्यात. (एक वाचक, देवास)

उत्तर : सरकारी रुग्णालयात बाळंतपण, तुमचे औषध, बाळाला जन्मानंतर किमान सहा आठवडे द्यायचे पातळ औषध, आणि सहाव्या आठवड्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत होणाऱ्या त्याच्या तपासण्या, सारे विनामूल्य आहे. औषध नियमित घेतले तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते. लागण आहे म्हणून बाळंतपणास दाखल करून न घेणे बेकायदा आहे. लोह आणि कॅल्शियम बंद करू नका; दोन्ही जेवणाबरोबर घ्या आणि एचआयव्हीची गोळीही त्याच जेवणाबरोबर घेतलेली चालते, फक्त उपाशीपोटी ती एकत्र घेऊ नयेत. बाळाला अंगावर पाजण्याविषयी केंद्रातील डॉक्टरांशी बाळंतपणाच्या आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : मी पीथमपूरला एका कारखान्यात नोकरी करतो. मला खासगी डॉक्टरच बरे वाटतात. औषधाची बिले कंपनीच्या वैद्यकीय भत्त्यात लावू का? आरोग्य विमा मिळतो का? आयकरात सूट मिळते असे एका सहकाऱ्याने सांगितले. (एक वाचक)

उत्तर : बिले लावू नका. बिलावर औषधाचे नाव असते, ते हिशेबखात्यातील दोनतीन हातांतून जाते, आणि एका गूगल-शोधात त्याचा अर्थ कळतो. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत भेदभावाच्या तक्रारीसाठी अधिकारी नेमणे कायद्याने सक्तीचे आहे, पण तक्रार करण्याची वेळच न येणे अधिक बरे. खासगी डॉक्टरांचा सल्ला आणि सरकारी केंद्राचे औषध अशी सांगड अनेक जण घालतात; डॉक्टर समंजस असतील तर त्यांची हरकत नसते. माझी स्वतःची तर कधीच नव्हती.

विम्याबाबत परिस्थिती सुधारली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांना एचआयव्हीबाधितांसाठी पॉलिसी उपलब्ध करण्याचा आदेश दिला. ती रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असते, रोजच्या गोळीसाठी नव्हे. अर्जात स्थिती लपवू नये. लपवल्याचे पुढे उघड झाले की नेमका गरजेच्या वेळी दावा फेटाळतात. तुमचे कुटुंब आयुष्मान योजनेत बसत असेल तर दाखल झाल्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार होतो. क्षय किंवा मेंदूज्वरासारख्या दुखण्यात तो फार मोठा आधार आहे.

आयकराच्या ८०डीडीबी कलमाखालील वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, मर्यादा चाळीस हजारांची, ज्येष्ठांना एक लाखाची. त्यातही नियमात पूर्णावस्थेतील एड्स हा शब्द आहे. गोळी घेऊन तुमच्यासारखे ठणठणीत काम करणाऱ्याला ती लागू होत नाही. कोणाला लागू होत असेल, तर तिचा कागद कंपनीकडे न देता स्वतःच्या विवरणपत्रातच दाखवावा.

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार आहे. दोन वर्षांपासून तो एआरटी केंद्राचे औषध घेतो. तिथे औषध लाखो रुपयांना पडते असे ऐकून माझी झोप उडाली आहे. व्हिसा नाकारतील का? इथून दरमहा कुरियरने पाठवता येईल का? (एक आई, इंदूर)

उत्तर : एचआयव्ही असलेल्यांना प्रवेश नाकारण्याचा अमेरिकेचा नियम जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला, तेव्हा ती काळजी सोडा. किमतीविषयी तुम्ही ऐकलेत ते खोटे नाही: तिथे रोज एक घ्यायच्या नामांकित गोळीची छापील किंमत महिन्याला तीन हजार डॉलरच्या वर आहे. पण ती पूर्ण किंमत खिशातून भरणारे फार थोडे. बहुतेक विद्यापीठे विद्यार्थ्यांना आरोग्य विमा घ्यायलाच लावतात. तुमच्या मुलाने प्रवेशपत्राबरोबर आलेली विम्याची माहिती आत्ताच वाचावी आणि तीन गोष्टी शोधाव्यात: त्याच्या औषधातील घटक कंपनीच्या औषधयादीत आहेत का, कंपनीने पैसे देण्याआधी वर्षाला किती रक्कम स्वतः भरावी लागते, आणि त्यानंतर दर खेपेला आपला हिस्सा किती. काही विद्यापीठांत स्वस्त आणि महाग अशा दोन योजना असतात. त्याने वरवर स्वस्त दिसणारी घाईने निवडू नये.

विम्यातून उरलेला खर्च जड झाला तर तिथे रायन व्हाइट कार्यक्रम आहे. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातील मुलगा. रक्तापासून बनवलेल्या औषधातून त्याला लागण झाली, शाळेने त्याला वर्गात बसू दिले नाही, आणि १९९० मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी त्याच्या नावाने हा कायदा झाला. त्याखाली प्रत्येक राज्य औषधसाहाय्याची योजना चालवते, कमी उत्पन्नाच्या रुग्णांना औषध पुरवते किंवा विम्याचा त्यांचा हिस्सा भरते. केंद्रीय कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा आणि त्या राज्यात राहत असल्याचा पुरावा याचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यातील पहिली भेट वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यातच ठरवावी आणि तिथल्या समाजसेवकाला या योजनेविषयी विचारावे. तिथले दवाखानेही गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले आहेत. त्याच्या परवानगीशिवाय विद्यापीठाला काही कळवत नाहीत.

कुरियरवर विसंबू नका. सीमाशुल्क खात्यात पाकीट अडकले की ते केव्हा सुटेल, सुटेल की नाही, याचा नेम नसतो, आणि तेवढ्या दिवसांचे औषध बुडते. त्याऐवजी निघण्याच्या महिनाभर आधी केंद्रातील डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगून, अनुमती असेल तेवढे अधिकाधिक औषध मागून घ्या. तीन महिन्यांचे मिळाले तर तिथली व्यवस्था लागेपर्यंत पुरते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तिच्यावर कंपनीचे नाव न लिहिता औषधांची मूळ नावे व मात्रा लिहून घ्या, कारण आपल्याकडची तिन्हींची एकत्र गोळी तिथल्या दुकानात त्या रूपात मिळत नाही आणि तिथले डॉक्टर त्या नावांवरून जुळती गोळी देतील. शेवटच्या व्हायरल लोडचा अहवाल चिठ्ठीला जोडा. गोळ्या मूळ बाटलीत, आणि बाटल्या मोठ्या बॅगेत न ठेवता त्याच्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग चार दिवस उशिरा पोहोचल्याची उदाहरणे तुमच्या ओळखीतही असतील.